वरंब्यातलं अर्धं जातं

१६ जानेवारी १९७४

सोलापुरातल्या स्पेअरपार्टच्या दुकानदारानं ही डायरी दिली. तो फक्त गॅरेजवाल्यांना देतो, म्हणजे मी आता गॅरेजवाला झालो म्हणायचं. काल गड्ड्याच्या जत्रेतून नारळ आणून दुकानात फोडला. दुकान कसलं, चार पत्रे, एक ऐरण, एक घण आणि बाहेर टांगलेली एक जुनी रिम. तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलंय, 'बसलिंगप्पा यांचेकडे चाक सरळ करून मिळेल'. सोलापुरात सात रस्त्याच्या चौकात उस्तादाकडे इतकी वर्षं दुसऱ्याची ऐरण बडवली. आता अक्कलकोट रोडवर, आमच्याच वस्तीच्या तोंडाला, माझी स्वतःची.

दुकानाची भवानी सिद्धप्पानं केली. मामाकडे मैंदर्गीला शाळेत होतो तेव्हापासूनचा हा दोस्त. मैंदर्गी ते सोलापूर टॅक्सी चालवतो, जुनी अँबेसेडर. चाकाला काही झालेलं नव्हतं. तरी उतरवून माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाला, ठोक दोन घण, आवाज तर जाऊ दे गावात. काशम्मानं त्याला हुग्गी वाढली, गव्हाची गूळ घातलेली खीर. माझ्या बायकोच्या हातची हुग्गी खायला हा माणूस मैंदर्गीहून उपाशी येईल.

२ फेब्रुवारी

गिऱ्हाईक नाही. रस्ता चांगला आहे, हेच दुखणं. दुष्काळात आम्हीच वस्तीवाल्यांनी खडी फोडून तो केला. काशम्माच्या हाताला अजून घट्टे आहेत. एवढा गुळगुळीत करून ठेवला की आता त्याच्यावर चाक वाकत नाही. हसावं का रडावं कळत नाही.

घरात आणखी एक. काशम्माच्या आईनं लग्नात दिलेलं जातं फुटलं. वरचा दगड मधोमध दुभंगला. काशम्मा रडली नाही. दोन्ही अर्धुकं अंगणात भिंतीला टेकवून ठेवली आणि ज्वारी गिरणीत नेली.

२१ फेब्रुवारी

कोंडीबातात्याची शेळी ट्रकखाली गेली. शेळीच्या मागं त्याची नात होती, ती थोडक्यात वाचली. ट्रकवाला थांबला पण नाही. सगळी वस्ती रस्त्यावर. तात्या वस्तीतला वडीलधारा. तो म्हणाला, शेतात पाणी अडवायला वरंबा घालतो तसा रस्त्याला आडवा वरंबा घालायचा. कुणीतरी म्हणालं, सरकारची परवानगी लागेल. तात्या म्हणाला, खडी फोडताना आमच्या हातांची परवानगी कुणी घेतली होती का?

गॅरेजवाला म्हणून मला विचारलं, वरंबा किती उंच पाहिजे. आयुष्यात पहिल्यांदा वस्तीनं मला काहीतरी विचारलं. मी हातानं दाखवलं. जरा जास्तच उंच दाखवलं.

२४ फेब्रुवारी

आज वरंबा झाला. मुरूम, माती, पाणी, धुम्मस. दुपारी सगळे भाकरी खायला गेले, मी राखणीला थांबलो. मातीचा वरंबा दोन पावसांत बसणार हे मला माहीत होतं. मग घरी जाऊन जात्याचं एक अर्धुक खांद्यावर आणलं आणि वरंब्यात उभं रोवलं. गोल बाजू वर. वरून मुरूम ओढून चोपला.

स्वतःला सांगितलं, तात्याच्या नातीसाठी. पण नातीसाठी असतं तर दगड मधे, नाहीतर कडेला, कुठंही चालला असता. मी तो नेमका जिथून मोटारीचं चाक जातं तिथं रोवला. बैलगाड्या कडेच्या मातीतून जातात, त्यांना लागू नये एवढी अक्कल मात्र मला होती.

कुणाला सांगितलेलं नाही. डायरीला सांगितलं, ती काही बोलत नाही.

९ मार्च

आज जीप. परवा एक फियाट. चाक आऊट झालं, स्टिअरिंग थरथरतंय म्हणत येतात. दणका बसतो वरंब्यावर आणि समोर पाटी दिसते माझी. जीपवाल्यानं जाताना हात जोडले, म्हणाला, देवासारखा भेटलात. रिम ऐरणीवर फिरवताना माझे कान तापले होते. जाळाजवळ होतो म्हणून असेल.

काशम्मानं विचारलं, अंगणातलं एक अर्धुक कुठं गेलं? मी म्हणालो, एकाला घराच्या पायाला दगड पाहिजे होता, दिला. ती 'बरं' म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

३ एप्रिल

सिद्धप्पा. पुढचं डावं चाक. एरवी वरंबा हळू ओलांडतो, आज समोरचा ट्रक चुकवायच्या घाईत जोरात घेतली आणि नेमकी दगडावर गेली. दगड आहे हे त्याला माहीत नाही. तो म्हणतो, वरंबा लई कडक बसलाय. आणि वर मलाच सांगतो, पण बरं केलंत तुमी, पोरंसोरं वाचतील. त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत. त्यानं जबरदस्तीनं खिशात कोंबले.

आता त्यानं स्टँडवर सगळ्या टॅक्सीवाल्यांना सांगितलंय, चाकाचं काम असेल तर आमच्या बसण्णाकडं. माझी जाहिरात तो करतो, फुकट. आणि मी काय करतो ते वरच्या पानावर लिहिलेलंच आहे.

१२ मे

पुन्हा सिद्धप्पा, पुन्हा तेच चाक. लोखंडी रिम एकदा ठोकून सरळ होते, दोनदा होते, पण दर वेळी तिची ताकद जाते. वाकवून वाकवून तार तुटते तसंच. मी त्याला सांगितलं, ही बदल. तो म्हणाला, पावसाळ्यानंतर बघू. टॅक्सी सोडून त्याला दुसरा आधार नाही.

उद्या दगड काढायचा. नक्की.

१३ मे

काढला नाही. दिवसभर रस्त्यावर माणसं. कुणी विचारलं, काय उकरतोस, तर काय सांगू? नंतर सुचलं, डागडुजी करतो म्हणालो असतो तर कुणी विचारलं पण नसतं. खोटं बोलायला एरवी कुठं अडतं माझं? काढायचाच नव्हता, हे खरं. दुकानात तीन चाकं येऊन पडलीत.

सकाळी लिंगपूजेला बसतो, तळहातावर लिंग ठेवतो. हल्ली नजर लिंगावर राहत नाही, नखातल्या काजळीवर जाते.

२८ जून

पहिल्या पावसात वरचा मुरूम वाहून गेला आणि दगडाचं गोल टाळकं उघडं पडलं. खुंटा बसवायचं भोक पण दिसतंय, डोळ्यासारखं. मला वाटलं आता चोरी उघडी पडणार, वस्ती दारात येणार.

३० जून

वस्ती दारात आली खरी, पण बोलवायला. दगडाला कुणीतरी हळदकुंकवाचा मळवट भरलाय! पहाटे पाण्याला जाताना पलीकडच्या सारजाबाई मावशींना तो दिसला. त्या म्हणतात, आई जमिनीतनं आपोआप वर आली, पोरांच्या राखणीला. भोकाला त्या डोळा म्हणतात. दगडावरच्या टाकीच्या खुणांना म्हणतात, देवीच्या अंगावरचे खवले.

अहो, त्या खुणा पाथरवटानं पाडल्यात, दळण बारीक यावं म्हणून. माझ्या डोळ्यांदेखत पाडल्यात. पण सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले. काशम्मा लांब उभी होती, तिनं जोडले नाहीत. अडचण असेल म्हणून मी विचारलं नाही.

१९ जुलै

गिऱ्हाईक कमी झालंय. तो लाल मळवट लांबूनच दिसतो, ड्रायव्हर हळू करतात, काही तर टाळकं चुकवून कडेनं काढतात. काशम्मानं घराला चुना देताना वरंब्याच्या दोन्ही टोकांचे धोंडेही रंगवून टाकले. म्हणाली, पंचमी आली ना. तिला काय करायचंय रस्त्याच्या धोंड्यांशी? आणि घरात कुंकू टिकत नाही, करंडा भरला की चार दिवसांत रिकामा. आज त्यावरून तिच्यावर ओरडलो. तिनं नवीन पुडी आणली.

गिऱ्हाईक कमी झालं म्हणून माझी चिडचिड होते, हे लिहिताना लाज वाटते. पण होते.

१५ ऑगस्ट

आज झेंडावंदनानंतर शाळेसमोर माझा सत्कार केला. वरंबा झाल्यापासून रस्त्यावर एक कोंबडी पण मेली नाही, असं तात्या म्हणाला. उंची बसलिंगप्पानं सांगितली, आईनं जागा त्याच्याच हातानं निवडली, असं मावशी म्हणाल्या. नारळ दिला, टॉवेल दिला. तात्याच्या नातीनं हार घातला. पोरगी पायाच्या टाचा उंचावून गळ्यापर्यंत पोचत होती, मला खाली वाकावं लागलं. वाकल्यावर पुन्हा वर बघवेना.

टॉवेल घरी आणून ट्रंकेच्या तळाशी घातला. काशम्मा म्हणाली, वापरा की, अंग पुसायला चांगला हाय. तिचा आवाज बरा नव्हता.

२ सप्टेंबर

सिद्धप्पाचं चाक तिसऱ्यांदा, या वेळी दगडानं नाही, पावसानं पडलेल्या साध्या खड्ड्यानं. नटांच्या भोकाजवळ केसासारखी चीर. मी सरळ सांगितलं, या रिमवर भरवसा ठेवू नको, मी ठोकणार नाही. तो हसला. म्हणाला, आता आई हाय की राखायला, एवढी दिवाळी काढू दे. तो त्या दगडाला रोज जाता-येता गाडीतूनच हात जोडतो.

तेव्हा बोलायला पाहिजे होतं. दुकानात आम्ही दोघंच होतो. 'सिद्धू, ती आई नाही,' एवढे चार शब्द. मी म्हणालो, चहा घेतोस का?

चीर तशीच ठेवून रिम थोडी सरळ करून दिली. ठोकणार नाही म्हणालो होतो आणि ठोकली.

९ सप्टेंबर

काशम्मा माहेरी गेली, तिच्या बहिणीचं बाळंतपण. जाताना अवघडून उंबऱ्यात उभी राहिली. म्हणाली, रोज सकाळी त्या दगडाला कुंकू लावाल का? मी म्हणालो, मला बायकांची कामं सांगू नको. लावायला सारजाबाई मावशी आहेत. ती म्हणाली, त्या सोमवारीच लावतात. मला उशीर होत होता, मी दुकानात निघून आलो.

१४ सप्टेंबर

सकाळपासून धो धो पाऊस. संध्याकाळी सिद्धप्पाची गाडी दगडावर आदळली. मी आवाज ऐकला आणि आवाजावरून कळलं, कुठलं चाक ते. थांबला नाही, गाडीत माणसं होती. पुढं नाल्याच्या उतारावर रिम नटांपासून फाटली, चाक शेतात गेलं आणि गाडी कलंडली. बसलेल्यांना खरचटलं, मुका मार. सिद्धप्पाचा उजवा हात गाडीच्या दारात सापडला.

आम्हीच बैलगाडीत घालून नेला त्याला, पुढं टेम्पो मिळाला. येताना वरंब्याशी थांबलो. पावसानं दगड धुऊन निघाला होता. कुंकवाचा ठिपका नाही. ओल्या मुरमाच्या रंगाचा नुसता दगड, मला पायाखाली येईपर्यंत दिसला नाही.

१७ सप्टेंबर

दवाखान्यात गेलो. मनगटाची हाडं चुरली आहेत. डॉक्टर म्हणतात, हात राहील, पण पूर्वीसारखा वळणार नाही. सिद्धप्पाची बायको कोपऱ्यात मोसंबी सोलत बसली होती.

सिद्धप्पानं मला जवळ बोलावलं. म्हणाला, "बसण्णा, तू सांगितलं व्हतंस. म्याच ऐकलं न्हाय. तुझा काय दोष न्हाय, मनाला लावून घेऊ नगंस."

मी मान हलवली. मान हलवली! मग त्याच्या बायकोनं मोसंबीची एक फोड मला दिली, मी ती खाल्ली. माणूस एवढा निर्लज्ज होऊ शकतो हे आज मला कळलं.

२० सप्टेंबर

काशम्मा आली. सगळं ऐकून भिंतीला पाठ टेकून खाली बसली. म्हणाली, माझं जाणंच नडलं. मी म्हणालो, तू असतीस तर काय वेगळं झालं असतं? पाऊस काय तुझं ऐकतो? तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

११ ऑक्टोबर

आता ऐका. घटस्थापनेला दगडाभोवती चौथरा बांधायचं ठरतंय. सिद्धप्पाच्या गाडीतलं कुणी मेलं नाही, ती आईचीच कृपा, असं मावशींचं म्हणणं. दगड रस्त्यात आहे तर मोटारींनी वळून जावं. आणि चौथऱ्याला लोखंडी कठडा मी करून द्यायचा. तात्यानं मापं पण आणून दिली.

चौथरा झाला की तो दगड जन्मात निघणार नाही. आणि मोटारी काय वळून जातात होय? पुढच्या खेपेला कुणाचा हात, कुणाची मान.

१२ ऑक्टोबर

सकाळी उजाडल्यावर, सगळ्यांच्या समोर पहार घेऊन गेलो. पहिला घाव घातला आणि बायका धावल्या. मावशींनी पहारच धरली. मी म्हणालो, मावशी, ही आई नाही, माझ्या घरातलं फुटकं जातं आहे, फेब्रुवारीत मीच रोवलं. चाकं वाकावीत आणि माझ्या दुकानात यावीत म्हणून रोवलं. एवढं मोठ्यानं मी कधी बोललो नव्हतो.

आणि कुणाला ते खरं वाटेना. तात्या म्हणाला, दोस्ताच्या हातामुळं पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय. मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "आई आधी तुझ्या घरात आली, मंग हितं आली. लई भाग्याचा हायस की रं." मी हवं तर वाईट ठरायला तयार होतो, आणि ते मला देवमाणूस करून सोडायला निघाले होते. मी रस्त्यातच खाली बसलो.

तेवढ्यात काशम्मा आली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर जात्याचं दुसरं अर्धुक. ते सांभाळत ती सावकाश चालत आली, कुणाला मदत करू दिली नाही. वरंब्याशी दगड उतरवला, माझ्या हातातली पहार घेतली आणि रोवलेलं अर्धुक स्वतः उकरून आडवं पाडलं. मग दोन्ही तुकडे सरकवून जोडले. फुटलेल्या कडा एकमेकींत बसल्या. मधलं दाणे टाकायचं तोंड पुरं गोल झालं. एका अर्ध्यावर कुंकू, दुसरं अर्धं कोरडं.

मग सारजाबाई मावशी खाली बसल्या आणि लुगड्याच्या पदरानं त्या दगडावरचं कुंकू पुसायला लागल्या. लगेच निघेना, तरी घासत राहिल्या. माझ्याकडं त्यांनी बघितलंच नाही. तात्या म्हणाला, "उचल तुझा धोंडा." बस, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तात्याची नात त्याच्या धोतराला धरून माझ्याकडं बघत होती.

दोन्ही तुकडे एकेक करून मी घरी आणले. काशम्मानं पाणी दिलं. मी विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? ती म्हणाली, पाऊस पडून दगड उघडा झाला त्या दिवसापासून. आईनं दिलेलं जातं मला वळखू येणार न्हाय व्हय? मग मी विचारलं, पहिलं कुंकू कुणी लावलं? विचारता विचारताच कळलं.

"लांबनं दिसावं म्हून लावलं," ती म्हणाली. "तुमी सांगाल, आज सांगाल, उद्या सांगाल, असं वाटायचं. तंवर कुणी मरू नये. लोक हात जोडायला लागल्यावर माझीच जीभ अडकली."

रिकामा करंडा, चुन्याचे धोंडे, उंबऱ्यात थांबून सांगितलेलं ते एक काम. सगळं याच डायरीत माझ्याच हातानं लिहिलेलं आहे. मागची पानं वाचली आणि डायरी मिटून ठेवली.

१९ ऑक्टोबर

वस्तीनं वरंबा पुन्हा केला. बुटका, पसरट, चाक सहज चढेल आणि उतरेल असा. मला बोलावलं नाही. मी लांबून मुरमाच्या पाट्या आणून कडेला ओतल्या, त्या कुणी नाकारल्या नाहीत. टांगलेली रिम मी खाली काढली. चाकं येतात अधूनमधून, खड्ड्यांनी वाकलेली. तेवढीच करतो.

३ नोव्हेंबर

दुपारी एसटी दुकानापुढं थांबली आणि सिद्धप्पा उतरला. हात गळ्यात बांधलेला. मी उठून उभा राहिलो. त्याला सगळं कळलं होतं, अक्कलकोट स्टँडवर सगळ्या टॅक्सीवाल्यांना कळलंय. मी काहीतरी बोलायला गेलो, त्यानं डाव्या हातानं थांबवलं. बाकावर बसला. काशम्मानं आतून ताट आणलं, हुग्गी केली होती. त्यानं ताटाला हात लावून नमस्कार केला आणि ताट बाजूला सरकवलं.

मग म्हणाला, "एप्रिलात पयल्यांदा चाक घिऊन आलतो, तवाच सांगितलं असतंस, तर मी हसलो असतो की रे. शिवी दिली असती, हसलो असतो, आनि दोघांनी मिळून दगड काढला असता."

मी म्हणालो, गाडी मी उभी करतो, नवी चाकं घालतो, पुढं आयुष्यभर तुझं काम माझ्याकडं. तो म्हणाला, गाडी विकायला काढलीय. चिडून नाही, वेळ विचारल्यावर सांगावी तसं म्हणाला.

परतीची एसटी आली. त्याची पिशवी बाकाखाली होती. मी वाकलो, पण माझा हात पोचायच्या आत त्यानं ती डाव्या हातानं उचलली आणि एकट्यानंच पायऱ्या चढला. चढताना जरा तोल गेला, कंडक्टरनं धरलं.

एसटी वरंब्यावरून हळू गेली, कसलाच आवाज झाला नाही. काशम्मानं ताट आत नेलं. हुग्गी शेजारच्या पोरांना वाटली, आम्ही दोघांनी खाल्ली नाही.